निर्यातीत गेलेली गौर

महिन्याच्या मध्यावर एक संध्याकाळ अशी येते की आमच्या घरात चहाच्या आधी देशाचा हिशेब निघतो. मागच्या महिन्यात आपण जगाला किती विकलं आणि जगाकडून किती घेतलं, याचे आकडे सरकार जाहीर करतं. आमचे हे टीव्हीसमोर बसलेले असतात. आकडा पडद्यावर आला की ते स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडतात, "तूट वाढली गं!" जणू दुपारी दार उघडं टाकून मीच बाहेर गेले होते. मी म्हणते, "वाढू दे. रात्रीच्या आत भरून काढते." गेली कित्येक वर्षं आमचा हा संवाद ठरलेला आहे. कधी तूट कमी झाली, तर मात्र ते काही बोलत नाहीत. चांगल्याचं श्रेय बायकोला द्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

त्यांचं ओरडणं अगदीच अस्थानी नाही म्हणा. बेलार्ड पिअरच्या एका जुन्या इमारतीत, कस्टम क्लिअरिंग करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली आणि अजून चालू आहे. कुणाचा माल परदेशी निघाला की त्याचे कागद आम्ही करायचे. माल काय, कुठे चालला, वजन किती, किंमत काय, सगळं कस्टमला सांगायचं. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक कोड असतो. हळदीला आहे, हिऱ्याला आहे, माणसाच्या डोक्यावरून उतरलेल्या केसांनाही आहे. तो कोड घालून मी बटण दाबलं की माझा कागद देशातल्या बाकी सगळ्या कागदांत जाऊन मिसळतो, आणि महिना उलटल्यावर टीव्हीवर तो एकच अगडबंब आकडा येतो. इतरांना त्यात आकडा दिसतो. मला आंब्याच्या पेट्या दिसतात, मसाल्याच्या गोण्या दिसतात, कुणीतरी घाईघाईत बटणं लावलेले शर्ट दिसतात. इतकी वर्षं झाली, तरी तो आकडा आला की माझ्या अंगावर काटा येतो. मी ते फारसं कुणाला सांगत नाही. आकडेवारीने अंगावर काटा येणाऱ्या बाईला लोक डॉक्टरकडे नेतील.

करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्हाला वरचा मजला मिळाला. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. माझगाव आणि शिवडीच्या पलीकडे समुद्राची राखाडी पट्टी दिसते आणि तिच्यावर नांगर टाकून उभी राहिलेली जहाजं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ती बघत राहते. एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं कसं, हे शाळेत मला नीट समजावलं होतं. समजलंही होतं. पटलं मात्र अजून नाही.

खरं तर व्यापार मी ऑफिसात शिकले नाही, डिलाईल रोडच्या चाळीत शिकले. माझं लहानपण तिथलं. शेजारी काही गोडधोड झालं की झाकलेली वाटी आमच्याकडे यायची. ती वाटी रिकामी परत करायची नाही, हा चाळीचा कायदा होता. घरात द्यायला काहीच नसलं तर आई तिच्यात चमचाभर साखर घालायची आणि मला पिटाळायची. कुणाची वाटी जास्त वेळा आली आणि कुणाची कमी वेळा गेली हे सगळ्या मजल्याला ठाऊक असायचं, पण बोलायचं कुणी नाही. तूट प्रत्येकाची होती आणि ती साखरेने झाकायची असते, एवढं मला तेव्हाच कळलं.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांच्या खात्यातलं कापड परदेशी जायचं. त्यातलं डागी निघालेलं स्वस्तात घरी यायचं आणि आमच्या खिडकीचा पडदा व्हायचं. त्यामुळे 'एक्सपोर्टचा माल' म्हणजे ज्याला कुठेतरी डाग आहे असा माल, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आणि 'इम्पोर्टेड' म्हणजे बोटीवर नोकरीला असलेल्या शेजारच्या मुलाने आणलेली साबणाची वडी. ती कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलेली असायची आणि तिने कुणी कधी अंग धुतलं नाही. एवढ्या ज्ञानावर मी पुढे कस्टमच्या कामात आले.

हे सगळं सांगायचं कारण माझी आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लालबागला तिचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना नवऱ्याचा होता. तो गेला तेव्हा मुलगी शाळेतही जात नव्हती. लोकांना वाटलं, आता ही जागा विकून गावाला जाईल. आत्याने दुसऱ्या दिवसापासून ब्रश हातात घेतला. मूर्तीचे डोळे रंगवायच्या कामाला आखणी म्हणतात आणि लालबागमध्ये आत्याच्या आखणीला तोड नाही. जिभेने ती तिखट, बोली अजून गावाकडची, कारागिरांना दिवसभर फैलावर घेणार, पण एकदा आखणीला बसली की सगळा कारखाना आपोआप हळू बोलायला लागतो. दोन रेघांनी प्लास्टरचा गोळा आपल्याकडे बघायला लागतो. मी ते शेकडो वेळा पाहिलंय, आणि दर वेळी एक पाऊल मागे सरकलेय.

आत्याची मुलगी हुशार निघाली आणि पुढे शिकायला मेलबर्नला गेली. ती निघाली त्या दिवशी मी तिथे होते. घरातून लेक निघाली की तिची ओटी भरायची, ही आपली रीत. पदरात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण. रिकाम्या पदराने लेकीला घराबाहेर पाठवत नाहीत. पण विधवा बाईने ओटी भरायची नाही, हीसुद्धा रीतच. ती कुठे लिहिलेली नाही, आणि म्हणूनच ती खोडता येत नाही. आत्याने शेजारच्या काकींना बोलावलं होतं. आत्याच्या चाळीतल्या सगळ्या लेकीबाळींच्या ओट्या त्यांनीच भरलेल्या. काकी ताट घेऊन पुढे आल्या तशी माझी आतेबहीण म्हणाली, "आई भरणार असेल तर भरा. नाहीतर मी अशीच जाते."

आत्या दाराशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली. साऱ्या कारखान्याला दम देणारी बाई, पण एक पाऊल पुढे आली नाही. बहीण तिच्या पाया पडली आणि तशीच जिना उतरली. पुढे तिने तिथेच नोकरी धरली, तिथेच कोर्टात लग्न केलं. इकडे यायचं काही ना काही कारणाने राहत गेलं. फोन मात्र नेमाने व्हायचे. "जेवलीस?" "जेवले." "थंडी हा?" "आहे." दोघी एकमेकींना हवामान सांगायच्या आणि फोन ठेवायच्या. मला इतका राग यायचा दोघींचा! पण ओटीचं नाव काढायची माझीही छाती नव्हती.

आणि मग एका वर्षी बहिणीचाच मला ऑफिसात फोन आला. तिथल्या मराठी मंडळाला गणपती हवे होते, बरेच, आणि ते काम हिने अंगावर घेतलं होतं. म्हणाली, "ताई, मूर्ती आईच्या कारखान्यातल्या, कागद तू कर." मग पुढे, "आणि आईला सांग, एक गौर पण पाठव. मी घरी बसवणार आहे. आखणी तिच्या हातची हवी. दुसऱ्या कुणाची नको."

मी त्या संध्याकाळी ऑफिसातून थेट लालबागला गेले. आत्या एका मोठ्या गणपतीच्या पायाशी बसली होती. ऐकून तिने ब्रश पाण्यात टाकला तो काढलाच नाही.

"तिना सोताच्या तोंडान मागल्यान?"

"हो गं."

"माझ्या हातची?"

"तुझ्याच."

इतक्या वर्षांत लेकीने आईकडे मागितलेली ही पहिली वस्तू. ती पोचली पाहिजे होती, बस्स. आत्याला दुसरं काही नको होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती प्लास्टरच्या केल्या, कारण त्या देशात माती न्यायची म्हणजे शंभर कटकटी. तो देश फार कडक. बी, पान, गवताची काडी, काही चालत नाही. एका दाण्यातून आपल्या शेताला कीड लागेल ही त्यांना भीती. पॅकिंगच्या दिवशी मी स्वतः कारखान्यात जाऊन उभी राहिले. पेंढा नको, भुसा नको, फक्त फोम. खोक्याचं लाकूड कीड मारल्याचा शिक्का असलेलंच हवं. मी सगळ्यांना इतकं बजावलं की एक कारागीर म्हणाला, "ताई, आम्ही श्वास घेतला तर चालेल ना?" गणपती एकेक करून खोक्यात गेले. शेवटी राहिली गौर. बैठी, हिरव्या साडीतली, अजून डोळे नसलेली. आत्या म्हणाली, "तुम्ही सगळी चहाक जावा. हिचे डोळे मी करतंय. आणि दार लोटून घेवा."

आम्ही चहा पिऊन आलो तर खोकं बंद झालेलं, वर पट्ट्याही लावलेल्या. तेवढंच माझं काम कमी झालं म्हणून मला बरं वाटलं.

देवाला वेगळा कोड नाही. 'मूर्ती, शोभेच्या' असं लिहून मी गणपती आणि गौर देशाच्या बाहेर काढले. 'यात वनस्पतिजन्य काही नाही' असंही लिहिलं. न्हावाशेव्याहून जहाज सुटलं. पुढच्या महिन्यात आकडा आला, ह्यांनी नेहमीसारखी तूट जाहीर केली, आणि मी चहा टाकायचा सोडून आत्याला फोन लावला.

"आत्या, टीव्हीवर आकडा आला. देशाची निर्यात. त्यात तुझी गौर आहे."

"खय?"

"आकड्यात. एवढ्या मोठ्या आकड्याच्या आत कुठेतरी."

ती म्हणाली, "आणि ती नसती तर?"

"तर आकडा तेवढ्याने कमी."

फोनवरून दिसत नव्हतं, पण तिने हात जोडले असणार. कारण नंतर तिचा आवाज देवळात येतो तसा आला. "म्हणजे सरकाराक म्हायत हा, ती गेली म्हणान." मी हो म्हटलं. इतकी वर्षं ज्या आकड्याने फक्त माझ्या अंगावर काटा यायचा, त्याने आता आणखी एका माणसाच्या अंगावर आला होता, आणि मला त्या संध्याकाळी अगदी सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

जहाज कुठे आहे ते हल्ली फोनवर दिसतं. निळ्या नकाशावर एक ठिपका. जहाज सुटलं त्याच दिवशी मी तो आत्याच्या फोनवर घालून दिला आणि पस्तावले, कारण ती मला रोज सकाळी फोन करायला लागली. "आज काय हललला दिसना नाय." "मधे बेट हा, तेका लागतला नाय मां?" श्रीलंका मागे पडली आणि पुढे नकाशावर निळ्याशिवाय काही उरलं नाही, तेव्हा ती कारागिरांना कामं थांबवून फोन दाखवत होती. सगळे हात पुसून त्या ठिपक्याकडे बघत उभे होते. "येवढां पाणी!" आत्या म्हणाली. "येवढां पाणी, आणि मधी माझी गौर." मग मला विचारलं, तिच्यासोबत जहाजावर आणखी काय आहे. मी अंदाजाने सांगितलं, चादरी असतील, गाड्यांचे सुटे भाग, चहा, तांदूळ. आत्याचा जीव भांड्यात पडला. "बरा. सोबत हा मां, झाला तर."

श्रावण अर्धा सरला तोच बहिणीचा फोन आला. "ताई, माल अडकलाय."

तिथल्या तपासणीत एक खोकं उघडलं होतं, नेमकं गौरीचं. आत धान्य सापडलं. आता सगळी खोकी उघडणार होते. आणखी कशात काही निघालं तर सगळा माल परत, नाहीतर जाळून टाकायचा. गौर तर वेगळीच काढून ठेवलेली. चतुर्थी तोंडावर, मंडळाची माणसं हिच्या डोक्यावर बसलेली. तिने फोटो पाठवला. स्टीलच्या टेबलावर एक हिरवा खण उघडलेला, आणि त्यात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. बाजूला हातमोजे घातलेला एक हात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लेखी दिलं होतं! ऑफिसचं नाव होतं त्याखाली. मी फोनवर तोंडाला येईल ते बोलायला लागले, की कारागिरांना मी तीन-तीनदा सांगितलं होतं, कुणाला अक्कल म्हणून नाही, आता एकेकाला बघतेच. मी दम खायला थांबले तेव्हा बहीण म्हणाली, "ताई, दुसरा फोटो बघ. उघडायच्या आधीचा. गाठ बघ त्याची."

मी बघितलं. खणाचं गाठोडं, दुहेरी गाठ, एक टोक आत दुमडून खोचलेलं.

"शाडूच्या ओल्या मातीवरचं फडकं आई अशीच बांधते," ती म्हणाली. "तिच्याशिवाय कुणी बांधत नाही." आणि मग, "आईने भरली, ताई? तिने स्वतः?"

मला काय माहीत! मी म्हटलं, विचारून सांगते.

लालबागला पोचेपर्यंत मी रागाचं एक भाषणच तयार केलं होतं. कारखान्यात घरगुती गणपतींची गर्दी उसळलेली, रंगाच्या वासाने डोकं उठत होतं. आत्याला मी बाजूला घेतलं आणि फोटो समोर धरला. तिने चष्मा वर केला, बघितलं, आणि खाली ठेवलेल्या पाटावर हळूच बसली.

"भरलंय मी," ती म्हणाली.

"अगं पण मी सांगितलं होतं ना! एक दाणासुद्धा नको म्हणून!"

"आयकलंय मी. आयकानच भरलंय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "जित्या चेडवाची, माझ्या लेकीची, भरूक माझी छाती झाली नाय. काकी होती, चाळ बघी होती. म्हटलां, देवीची भरूक माका कोण अडवतलो? दार लावन घेतलंय, डोळे केलंय तिचे, आणि भरलंय. थय ती खोका उघडतली, तिच्या हातात जातली. माझ्या हातची." मग तिने माझं मनगट धरलं. तिचा हात रंगाने खरखरीत झालेला. "जाळतले काय गो तिका?"

माझं भाषण तिथेच राहिलं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि तिने आधी सांगितलं असतं तर मी त्या तांदळांचेही रीतसर कागद केले असते असं काहीतरी मूर्खासारखं मी बोलून गेले. कारण त्याच जहाजावर कुणा व्यापाऱ्याचे तांदूळ होतेच की, कागद होते म्हणून सुखाने पलीकडे गेले. जगभरच्या बंदरांतून एवढा माल इकडचा तिकडे होतो, डोंगरच्या डोंगर हलतात, आणि एका बाईची मूठभर ओटी मात्र पलीकडच्या दारात अडते.

मी बहिणीला एवढंच कळवलं: "हो. आईने. स्वतः."

ठिपक्यात आता गौर नव्हती. जहाज केव्हाच दुसऱ्या मालासाठी दुसरीकडे गेलं होतं, पण आत्याने नकाशा बंद करू दिला नाही. ती काम करत होती, ओरडत मात्र नव्हती, आणि कारागीर त्यानेच जास्त घाबरले होते.

पुढचं मला बहिणीने नंतर सांगितलं. तिला तपासणीच्या ठिकाणी बोलावलं. एक वयस्क अधिकारी होता. सगळं टेबलावर मांडून त्याने विचारलं, या वस्तूंचा उपयोग काय? तिने रात्रभर उत्तर तयार केलं होतं, धार्मिक विधी, परंपरा, प्रतीक वगैरे. ऐन वेळी त्यातलं काही आठवलं नाही. ती म्हणाली, "हे माझ्या आईने दिलंय. आम्ही घरातून निघतो तेव्हा आई देते."

त्याने विचारलं, "तुम्ही कधी निघालात?"

"बरीच वर्षं झाली."

तो जरा वेळ त्या तांदळांकडे बघत राहिला. "मग याला पोचायला फारच उशीर झाला," म्हणाला. आणि नंतर त्याने कायदा सांगितला, कारण तो बदलायचा त्यालाही अधिकार नव्हता. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड जाळणार. खण झाडून परत देता येईल. मूर्ती साफ करून, तपासून सोडता येईल. बाकी खोक्यांत काही निघालं नाही, तेही सुटतील. बहीण म्हणाली, ठीक आहे. तिला त्या वस्तूंना हात लावू दिला नाही, पण घेऊन जाईपर्यंत तिथे उभं राहू दिलं. ती उभी राहिली.

गणपती चतुर्थीच्या आधी कसेबसे घराघरांत पोचले. गौरीच्या दिवशी आत्याकडे आम्ही सगळे फोनला चिकटलो होतो. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग छत, मग एकदम गौर. तिच्या मांडीवर हिरवा खण, नुसता. आत्या पडद्यात तोंड घालून बघत होती.

"गालाचो रंग उडालो काय गो थोडो?"

"उडाला, आई. डोळे तसेच आहेत."

दोघी बघत राहिल्या. यावेळी कुणी हवामानाचं विचारलं नाही. मग बहीण म्हणाली, "आई, मी येते." आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि उगाचच आत जाऊन भांडी घासायला घेतली.

ती थंडीत आली. आली तेव्हा अंगावर त्याच खणाचं ब्लाउज होतं, तिकडच्या कुठल्याशा बाईकडून शिवून घेतलेलं, एका बाहीला जरा सैल. आत्या पहिलं वाक्य बोलली ते त्या बाहीवर. मला हायसं वाटलं; दोघी पूर्ववत भांडणार अशी चिन्हं होती. सुट्टी भुर्रकन गेली आणि निघायचा दिवस आला.

शेजारच्या काकी आता थकल्यात. तरी सवयीने त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात आल्या. खोली भरलेली होती, चाळीतल्या बायका दाराबाहेरही होत्या. बहीण पाटावर बसली आणि तिने कुणाकडेच बघितलं नाही. यावेळी तिने कुठली अटही घातली नाही.

आत्या भिंतीशी उभी होती. हात पदराखाली. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. इतक्यात तिने हात बाहेर काढले. ते तिने आधीच स्वच्छ धुतले होते, नखांतला रंगसुद्धा काढला होता. ती दोन पावलं पुढे आली. काकींनी तिच्याकडे बघितलं, सगळ्या बायकांनी काकींकडे बघितलं. काकींनी ताट तिच्यापुढे केलं. "तूच भर गो," म्हणाल्या. "माझे हात हल्ली कापतत."

काकींचे हात जराही कापत नव्हते. मी शेजारीच होते.

आत्याने कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला. मग ओंजळीने तांदूळ घातले, एकदा, पुन्हा, पुन्हा. बहिणीने त्यातले चिमूटभर उचलून आईच्या पदरात परत टाकले, रिकामं कुणीच राहू नये म्हणून. आयात आणि निर्यात मी जन्मभर वेगवेगळ्या रकान्यांत लिहिली. त्या दिवशी दोन्ही माझ्यासमोर हातभर अंतरात झाली आणि मला कसला कोड सुचला नाही. मी नुसती बघत होते, आखणी होताना बघते तशी.

पदर सावरत बहीण उठली. म्हणाली, "आई, पण हे तांदूळ तिकडे..."

"म्हायत हा माका," आत्या म्हणाली. "शिकलंय मी तुमचो कायदो." आणि तिने मागे स्टोव्हकडे बोट दाखवलं. आधण केव्हाचं उकळत होतं. "हयच शिजवया. पोटातसून ने. थय कोण उघडून बघतलो?"

बायका हसायला लागल्या, काकी तर डोळे पुसून हसल्या. ओटीचे तांदूळ धुतले, ओटीचाच नारळ फोडला, गूळ आत्याच्या डब्यातला. बहीण जमिनीवर मांडी घालून बसली आणि समोर आत्या, ताटातला प्रत्येक घास मोजून पलीकडे पाठवावा तशी बघत. मी घरची, तरी मला कुणी वाटीभर नारळीभात विचारला नाही. मी मागितलाही नाही. तो माल एकाच पत्त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी कारखान्यातच होते. आत्याने रंगाच्या बोटाने फोन उचलला. सुखरूप पोचलीस का, जेवलीस का, यातलं तिने काही विचारलं नाही.

"सोडल्यानी?" तिने विचारलं.

पलीकडून विमानतळाचा गलका येत होता. त्यातून बहिणीचा आवाज आला, "सोडलं, आई. सगळंच्या सगळं सोडलं."